कूतचा वेढा, परळची प्रयोगशाळा आणि आपली मटकी

लालबागच्या ज्या चाळीत माझे बालपण गेले, तेथील आमच्या एकुलत्या एक खोलीत पाण्याच्या पिंपावर भिंतीत एक खुंटी होती. आठवड्यातून दोनदा तरी त्या खुंटीला ओल्या फडक्याचे एक गाठोडे टांगलेले दिसे. रात्री भिजत घातलेली मटकी सकाळी उपसून आई त्या फडक्यात घट्ट बांधून ठेवी. दुसऱ्या दिवशी गाठोडे सोडले की दाण्यादाण्याला पांढराशुभ्र मोड फुटलेला असे. आम्हा मुलांना ही जादू वाटे. आईला मात्र ते नित्याच्या चार कामांपैकी एक काम. "मटकीला मोड कशाला आणायचे?" असे मी एकदा तिला विचारले. "मोड आणल्यावाचून का कुठे उसळ होते?" एवढेच उत्तर मिळाले. पुढे मी शाळामास्तर झालो, मुलांच्या शेकडो प्रश्नांना उत्तरे दिली. पण माझ्या स्वतःच्या या प्रश्नाचे उत्तर हाती यायला पुष्कळ वर्षे जावी लागली. ते उत्तर शोधताना मी जावा बेटापर्यंत आणि मेसोपोटेमियातील एका वेढलेल्या गावापर्यंत मनाने जाऊन आलो, आणि अखेर आमच्या चाळीपासून चालत जाण्याजोग्या अंतरावरील एका जुन्या इमारतीपाशी येऊन थांबलो. ही हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम धान्य म्हणजे काय, ते पाहू. तांदूळ, मटकी, हरभरा, नाचणी ही सारी वस्तुतः बीजे आहेत. बीज म्हणजे वनस्पतीने आपल्या पुढच्या पिढीसाठी बांधून दिलेली शिदोरी. ती माणसासाठी बांधलेली नाही, म्हणून ती सहजासहजी सुटतही नाही. वर टणक साल असते. आत पचनाला अडथळा करणारी काही द्रव्ये असतात. लोह आणि जस्त यांसारखी मोलाची खनिजे 'फायटेट' नावाच्या द्रव्याने जखडून ठेवलेली असतात, त्यामुळे ती पोटात जाऊनही रक्तात पुरेशी उतरत नाहीत. ही शिदोरी सोडण्याच्या युक्त्या म्हणजेच आपल्या स्वयंपाकघरातील जुने संस्कार: भिजवणे, मोड आणणे, उकडणे, कांडणे, भाजणे, आंबवणे. धान्य तेच असते. परंतु त्याच्यावर कोणता संस्कार झाला, यावर ते खाणाऱ्याला किती लाभेल हे ठरते. हे विधान साधे दिसते खरे. पण ते सिद्ध होण्यासाठी हजारो माणसांना प्राणाचे मोल द्यावे लागले आहे.

पहिली गोष्ट भाताची. आमचे घराणे मूळचे मालवणकडचे. गावाहून वर्षाकाठी तांदळाचे एक पोते येई, ते उकड्या तांदळाचे. आजी हा तांदूळ कसा करी, ते मी सुटीत पाहिले आहे. भात, म्हणजे साळ, आधी पाण्यात भिजत घालायची, मग मोठ्या भांड्यात तूस फुटू लागेपर्यंत उकडायची, अंगणात वाळवायची आणि त्यानंतरच कांडायची. असा तांदूळ जाड, लालसर आणि वासाला उग्र. मला शाळेच्या डब्यात त्या भाताची लाज वाटे. शेजारच्या मुलाच्या डब्यात शिधावाटपाच्या दुकानातला पांढरा तांदूळ असे. मी हट्ट धरला, आणि आईने, मुलाचा मान राहावा म्हणून, पांढरा तांदूळ आणावयास आरंभ केला. त्या वेळी मी काय मागतो आहे, हे मला ठाऊक नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडील देशांत बेरीबेरी नावाच्या रोगाने थैमान घातले होते. पायांतले बळ जाते, अंगाला सूज चढते आणि शेवटी हृदय थकते, असा हा रोग. तांदूळ सडण्याच्या वाफेच्या गिरण्या जसजशा पसरल्या, तसतसा हा रोगही पसरला. परंतु ही जोडी कोणाच्या ध्यानी येईना. सारे जंतू शोधत होते. जावा बेटावर आयक्मान नावाचा डच डॉक्टर याच शोधात असता त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या लुळ्या पडू लागल्या आणि काही काळाने आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंती असे निघाले की मधल्या काळात त्यांना रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला सडलेला पांढरा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला, त्याने लष्करी तांदूळ कोंबड्यांना देण्याचे नाकारले, पुन्हा कोंड्यासकटचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उभ्या राहिल्या. जे औषध होते ते कोंड्यात होते. या कामासाठी आयक्मानला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याहून आपल्या घराजवळची साक्ष क्वालालंपूरची आहे. तेथील वेड्यांच्या इस्पितळात १९०५ साली फ्लेचर नावाच्या डॉक्टरने रोग्यांचे दोन गट केले. दोन्हीकडे माणसे सुमारे एकशेवीस. एका गटास कच्चा सडलेला तांदूळ, दुसऱ्यास हिंदुस्थानी मजुरांच्या खाण्यातला उकडा तांदूळ. बाकी सर्व सारखे. पहिल्या गटात तिसाहून अधिक माणसे बेरीबेरीने आजारी पडली आणि अठरा दगावली. दुसऱ्या गटात रोग जवळजवळ नव्हताच. आपल्याकडेही तोच अनुभव. आंध्राच्या उत्तर किनाऱ्यावर कच्चा सडलेला तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी आढळे. उकडा तांदूळ खाणाऱ्या प्रांतांत तो फारसा नसे.

याचे कारण आता स्पष्ट झाले आहे. भात भिजवून उकडताना कोंड्यातील 'ब-१' जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरते, दाण्यातील पीठ घट्ट होते आणि ते सत्त्व तेथे अडकून राहते. मग गिरणीने वरचा कोंडा कितीही खरवडला तरी सारे जात नाही. हिंदुस्थानातील अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे जे कोष्टक आपल्या शास्त्रज्ञांनी तयार केले, त्यातील आकडे पाहा. शंभर ग्रॅम हातसडीच्या कच्च्या तांदळात हे जीवनसत्त्व ०.२१ मिलिग्रॅम, गिरणीत सडलेल्या कच्च्या तांदळात ०.०६, परंतु उकडून मग गिरणीत सडलेल्या तांदळात पुन्हा ०.२१. म्हणजे गिरणी तीच, तांदूळ तोच. केवळ उकडण्याच्या एका संस्काराने साडेतीनपट फरक. माझ्या आजीला हे आकडे माहीत नव्हते. उकडल्याने तांदूळ कांडताना मोडत नाही आणि कीड कमी लागते, एवढेच तिचे कारण होते. आणि ज्या तांदळाची मला लाज वाटत होती, तो तांदूळ माझ्या मित्राच्या पांढऱ्या भातापेक्षा कितीतरी पटीने सरस होता.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मटकीच्या मोडांशी अधिक जवळची. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१४ मध्ये, मुंबई बंदरातून हिंदी फौजेची एक तुकडी इराणच्या आखाताकडे निघाली. सहाव्या पुणे डिव्हिजनची ही पहिली तुकडी. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कोकणातल्या नि देशावरच्या कितीतरी घरांतले तरुण त्यांत होते. तैग्रिस नदीच्या काठाने ही सेना बगदादच्या दिशेने चढत गेली, टेसिफोनपाशी अडली, मागे फिरली आणि कूत-अल-अमारा या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ च्या आरंभी पडलेला हा वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करीपर्यंत टिकला. जवळजवळ पाच महिने तेथे माणसे उपाशीपोटी लढत होती.

या वेढ्यात आहाराचा एक विलक्षण प्रयोग, कोणी न योजता, घडून आला. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळे. हिंदी शिपायांना कोंड्यासकट दळलेला आटा. गोऱ्यांत बेरीबेरी निघाली. आटा खाणाऱ्या हिंदी शिपायांत ती निघाली नाही. पुढे मैदा संपत आला, गोऱ्यांच्याही पावात जवाचे आणि आट्याचे जाडेभरडे पीठ मिसळावे लागले, आणि बेरीबेरी मागे हटली! टंचाईनेच औषध दिले. परंतु हिंदी शिपायांच्या वाट्याला दुसरेच संकट आले. ताजी भाजी नाही, फळ नाही. घोड्याचे मांस गोऱ्यांनी खाल्ले. बहुतेक हिंदी शिपायांनी ते धर्मबुद्धीने शेवटच्या आठवड्यांपर्यंत नाकारले. ताज्या मांसात थोडेसे का होईना 'क' जीवनसत्त्व असते. तेही त्यांना मिळाले नाही. परिणामी त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजून रक्त येणे, सांधे दुखणे, जखमा न भरणे, अंगात त्राण न उरणे, ही त्याची लक्षणे. कूतच्या बाहेरही, मेसोपोटेमियातल्या साऱ्या हिंदी फौजेत १९१६ साली हजारो शिपाई या रोगाने निकामी झाले.

श्रोतेहो, ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या खुंटीवरचे ते ओले गाठोडे उभे राहिले. हिंदी शिपायाच्या ठरलेल्या शिध्यात डाळ असे. पण डाळ म्हणजे काय? दोन शकले केलेला, साल काढलेला दाणा. दाणा फुटला की त्याचा कोंब मोडतो. आणि जेथे कोंब नाही तेथे मोड कोठून येणार? तुरीची डाळ महिनाभर भिजवली तरी ती नासेल, अंकुरणार नाही. अखंड मूग, मटकी किंवा हरभरा मात्र दोन दिवसांत अंकुरतो, आणि अंकुरताना जी गोष्ट कोरड्या दाण्यात जवळजवळ मुळीच नसते ती, म्हणजे 'क' जीवनसत्त्व, स्वतः निर्माण करतो. डाळ लवकर शिजते, वाहून न्यावयास सोयीची पडते, म्हणून पुरवठा खात्याने ती निवडली. हिशेबात काहीच चूक नव्हती. फक्त त्या हिशेबात मोड धरलेला नव्हता.

आणि हे ज्ञान तेव्हा जगात नव्हते असेही नाही. नॉर्वेतील फ्यूर्स्ट या संशोधकाने १९१२ साली प्राण्यांवरील प्रयोगांनी अंकुरित धान्याचा हा गुण दाखविला होता. महायुद्ध चालू असतानाच लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन विदुषींनी गिनीपिगांवर त्याची पक्की परीक्षा केली. कोरडी कडधान्ये स्कर्व्ही टाळीत नाहीत. तीच एक दिवस भिजवून दोन दिवस अंकुरू दिली की टाळतात. एक दिवस भिजवणे, दोन दिवस मोड! लंडनच्या प्रयोगशाळेतले हे वेळापत्रक आणि लालबागच्या खोलीतले वेळापत्रक यांत फार तर एका रात्रीचे अंतर. पुढे सर्बियन सैनिकांतील स्कर्व्हीवर मोड आलेले घेवड्याचे दाणे आणि लिंबाचा रस यांची तुलना करून पाहण्यात आली, व १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात मोडांचा निकाल सरस ठरला. आपल्या देशात हिस्सार जिल्ह्यात १९४० च्या सुमारास दुष्काळात स्कर्व्ही पसरला, तेव्हा मोड आलेले हरभरे वाटूनच तो आवरण्यात आला.

याचे प्रमाणही पाहण्याजोगे आहे. स्कर्व्ही टाळण्यास दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व पुरते. मुगाच्या शंभर ग्रॅम ताज्या मोडांत ते सुमारे १३ मिलिग्रॅम असते. शिजवताना त्यातले बरेचसे नष्ट होते, हे खरे. म्हणून मोड फार वेळ शिजवू नयेत, वाफेवर आणावेत आणि ताटात वरून लिंबू पिळावे. आमच्याकडे उसळीवर लिंबाची फोड असते ती शोभेसाठी, असे मी कित्येक वर्षे समजत होतो.

तिसरी गोष्ट सांगण्यासाठी आपण मेसोपोटेमियाहून परत मुंबईस, आणि तेही परळला येऊ. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसात १८९९ साली प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा आली. डॉक्टर हाफकिन यांची ती प्रयोगशाळा. १९२५ पासून तिचे नावच हाफकिन इन्स्टिट्यूट झाले. आम्ही गिरणगावची मुले तिला "सापांचे इस्पितळ" समजत असू, कारण तेथे सर्पविषावरील लस होई. परंतु त्याच आवारात आपल्या आयाबहिणींच्या रक्ताचा एक मोठा शोध लागला, हे आम्हांला शाळेत कोणी सांगितले नाही. आणि पुढे मास्तर झाल्यावर मीही बरीच वर्षे सांगितले नाही.

गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईत बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रियांची संख्या भयावह होती. त्यांतील पुष्कळजणींना गरोदरपणी असा पांडुरोग जडे की अंगातले रक्त पाण्यासारखे होई. या रोगाचा शोध घेण्यासाठी ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईस आली व हाफकिनमध्ये काम करू लागली. केवळ प्रयोगशाळेत न बसता तिने गरीब स्त्रिया काय खातात, कशा घरांत राहतात, याची पाहणी केली. मुंबईतील स्त्रियांच्या आहाराच्या व राहणीच्या या पाहणीचा वृत्तांत तिने डॉक्टर तळपदे यांच्यासह प्रसिद्ध केला. भाज्या, फळे, दूध यांचा ज्यांच्या ताटात दुष्काळ, त्यांच्यात हा रोग अधिक, असे तिला दिसून आले.

मग तिने तसाच निकस आहार उंदरांना घातला. उंदरांना पांडुरोग झाला खरा. पण पुढे उघडकीस आले की त्याला उंदरांच्या उवांतून पसरणारा एक जंतूही कारण होता. एखाद्याने येथेच हात टेकले असते. तिने माकडांवर प्रयोग सुरू केले, आणि पुष्कळ पदार्थ करून पाहिल्यावर एका माकडाला मार्माइट, म्हणजे दारूच्या भट्टीतील यीस्टपासून केलेला एक स्वस्त काळा लगदा, चारला. गुण आला. तोच पदार्थ मुंबईतील आजारी स्त्रियांना दिला आणि त्यांच्या रक्तात नवा जोम आला. १९३१ साली तिने हे जगापुढे मांडले. यीस्टमध्ये असे कोणते सत्त्व आहे, हे तेव्हा अज्ञात असल्याने त्याला 'विल्सचे द्रव्य' म्हणत. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले फॉलिक आम्ल.

माझी थोरली बहीण पहिल्या वेळी गरोदर असताना, १९७० नंतरच्या काळात, अशीच पांढरीफटक पडली होती. जिना चढताना दर पायरीला थांबे. परळच्याच एका रुग्णालयातून तिला गोळ्यांची पुडी मिळाली. सरकारने १९७० साली सुरू केलेल्या कार्यक्रमातील लोह व फॉलिक आम्ल यांच्या त्या गोळ्या. बहीण वाचली, भाचा सुखरूप झाला. त्या पुडीत जी विद्या होती ती रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर, आमच्यासारख्याच घरांतल्या बायकांच्या दुःखातून जन्मली होती. हे मला कळले तेव्हा भाचा स्वतः बाप झाला होता.

आता मटकीशी याचा संबंध काय, असे आपण विचाराल. कडधान्ये हा फॉलिक आम्लाचा एक चांगला साठा आहे, आणि मोड आणल्यावर त्याचे प्रमाण वाढते. शिवाय अंकुर जागा होताच दाण्यातील पाचक रसही जागे होतात व ते लोहाला जखडणारे फायटेट फोडू लागतात. लोह थोडे मोकळे होते, आणि वर पिळलेल्या लिंबाने ते रक्तात शिरणे अधिक सुकर होते. चैत्रातील हळदीकुंकवाला गिरगाव-दादरच्या घरांतून भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरतात आणि सोबत कैरी घातलेली वाटली डाळ देतात. भिजवलेला दाणा आणि आंबट फळ यांची ही जोडी आहारशास्त्राच्या पुस्तकात शोभावी अशीच आहे. नाचणीचे सत्त्वही त्याच जातीचे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून केलेली लापशी पातळ राहते, कारण मोडातील रसाने पिठाचे काही अंशी पचन आधीच झालेले असते. त्यामुळे तान्ह्या मुलाच्या इवल्याशा पोटात त्याच वाटीतून अधिक अन्न जाते.

परंतु, श्रोतेहो, येथे एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. असल्या गोष्टी सांगून झाल्या की "आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते" असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह मला मान्य नाही. पूर्वजांना काय करावे ते माहीत होते, का करावे ते माहीत नव्हते. आणि ज्या कृतीचे कारण माहीत नसते, ती पहिल्याच सोयीपुढे टिकत नाही. माझ्या एका बालहट्टापुढे उकडा तांदूळ हरला, तो याचमुळे. आईजवळ तिच्या तांदळाच्या बाजूने बोलायला शब्दच नव्हते. शिवाय जुने ते सारेच हितकर, असेही नाही. तांदूळ पाच-पाच वेळा चोळून धुणे, भात वेळून पाणी मोरीत ओतणे, कडधान्य लवकर शिजावे म्हणून चिमूटभर सोडा टाकणे, या सवयी जुन्याच. पण पहिल्या दोन्हींत 'ब' गटातील सत्त्वे वाहून जातात व सोड्याने 'ब-१' नष्ट होते. कोकणात भाताची पेज पितात, तेव्हा तेच पाणी पोटात जाते. आमच्या घरी पांढरा तांदूळ आला आणि त्याच्या मागोमाग वेळणीही आली, म्हणजे तोटा दुहेरी झाला.

याच्या उलट, आजकाल मोडांविषयीही अतिशयोक्ती ऐकू येते. मोडांनी प्रथिने दुप्पट होतात, हे खरे नाही. दाणा पाणी पितो, म्हणून वजनावर पाहिले तर ती उलट विरळ होतात. आणि ओल्या, उबदार फडक्यात जसा मोड वाढतो तसे जंतूही वाढतात. म्हणून फडके स्वच्छ असावे, मोडांना एक वाफ द्यावी, लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना कच्चे मोड देऊ नयेत. एक वाटी उसळीने पांडुरोग पळून जाईल, असेही मी म्हणणार नाही. डॉक्टरने दिलेली गोळी घ्यायलाच हवी.

आणखी एक गोष्ट आपण सहसा बोलत नाही. हे सारे संस्कार कोणाच्या हातांनी होत आले? उखळात मुसळ कोणी चालवले? ल्यूसी विल्सने पाहिलेल्या स्त्रियांना मोड आणण्याची रीत ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. पण त्यांतल्या कित्येकींना दिवसभर राबून घरी आल्यावर नळावर रांग लावावी लागे, जळण विकत घ्यावे लागे, आणि घरातले सर्व जेवल्यावर उरेल ते खावे लागे. विद्या असून उपयोग नव्हता. वेळ, पाणी आणि ताटातला वाटा हवा होता. गिरणगावात ज्या बायकांनी खानावळी चालवून हजारो कामगारांना जेवू घातले, त्यांचे कष्ट तरी कोणी मोजले? प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना एकत्र आणले, तेव्हा कोठे त्यांच्या श्रमाला नाव मिळाले. जुन्या आहाराचे गोडवे गाताना तो आहार रांधणारणीच्या पाठीचाही विचार करावा. सुदैवाने मोड आणणे हे कांडणासारखे कष्टाचे काम नाही. पाणी, फडके आणि आठवण, एवढ्यावर ते होते. आणि आठवण ठेवणे पुरुषासही जमण्याजोगे आहे.

हा प्रश्न जुना झाला, असेही समजू नका. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात लाली कमी आहे. म्हणजे ज्या शहरात औषध सापडले, त्या शहराच्या राज्यात शंभरांतील चौपन्न बायका अजून पांढऱ्या पडलेल्या. हे आकडे केवळ गरिबांच्या वस्तीतले नाहीत. माझ्या वर्गातल्या मुली डब्यात बिस्किटाचा पुडा आणीत, आणि प्रार्थनेच्या वेळी उभ्याउभ्या एखादीला घेरी येई. त्या सुखवस्तू घरांतल्याही असत.

आई आता नाही. लालबागची ती खोलीही आम्ही सोडली. आता दादरला राहतो. येथे स्वयंपाकघरात खुंटी नाही, म्हणून फडके नळाच्या तोटीला बांधावे लागते. ते बांधण्याचे काम निवृत्तीनंतर मी माझ्याकडे घेतले आहे. परवा माझ्या नातीने ते गाठोडे चाचपून पाहिले आणि मला विचारले, "आजोबा, मोड कशाला आणायचे?" मी तिला जवळ बसवून घेतले आणि कूतच्या शिपायांपासून आरंभ केला. ऐकता ऐकता तिने गाठोडे सोडले, एक दाणा बोटावर घेऊन त्याचा मोड निरखला आणि म्हणाली, "मग तांदूळसुद्धा तो लालवालाच आणू या." गेल्या महिन्यात मालवणकडून उकड्या तांदळाचे पोते मागवले आहे. तो डब्यात न्यायला तिला लाज वाटत नाही. वर्गातल्या मैत्रिणींना ती त्याची गोष्ट सांगते.

आपणही आज रात्री निजण्यापूर्वी मूठभर मटकी भिजत घालावी, आणि ती का, हे घरातील लहान मुलाला सांगावे, एवढीच माझी विनंती आहे.